ध्रुवावरचा बर्फ आणि त्याची नोंदवही

वैशाखाच्या दुपारी धामणकर नाक्यावर उभे राहून कोणी ध्रुवप्रदेशातील बर्फाचा विषय काढला, तर ऐकणारा आधी बर्फाच्या गोळ्याच्या गाडीकडे पाहील आणि मग बोलणाऱ्याच्या तोंडाकडे. या व्याख्यानासाठी आम्ही हा विषय सुचविला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी तेच केले. "अहो, येथे मागांचा प्रश्न आहे, पाण्याचा आहे, रस्त्यांचा आहे. ध्रुवावर काय चालले आहे याची उठाठेव भिवंडीकरांनी कशाला करायची?" असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे.

उत्तराचा आरंभ दिशेपासून करू. या नाक्यावरून कोणी थेट दक्षिणेकडे तोंड करून निघाला, तर रायगड-रत्नागिरीचा किनारा सोडून तो समुद्रात उतरेल, मालदीवची बेटे मागे टाकील आणि पुढे हजारो किलोमीटर त्याला जवळजवळ नुसते पाणीच लागेल. सुमारे दहा हजार किलोमीटरांनंतर तो अंटार्क्टिका खंडाच्या ज्या किनाऱ्यावर पोचेल, त्याच्या आसपासच लार्समन टेकड्यांत आपल्या देशाचे ‘भारती’ नावाचे संशोधनकेंद्र आहे. २०१२ साली उभे राहिलेले हे केंद्र १३४ मालवाहू कंटेनर जोडून बांधलेले आहे. ज्या गावात कंटेनर रोज डोळ्यांसमोरून जातात, त्या गावाला ही गोष्ट अगदीच परकी वाटू नये.

परंतु आपला संबंध केवळ दिशेचा नाही. भिवंडीत कामवारी नदी आहे आणि खाडी आहे. खाडीला भरती आलेली असताना वरून पाऊस कोसळला, म्हणजे नदीचे पाणी जायला वाट राहत नाही. मग ते कोठे शिरते, हे सखल भागातल्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही. आता या दोन्ही गोष्टींचा, म्हणजे समुद्राच्या पातळीचा आणि पावसाचा, दूरच्या बर्फाशी धागा जुळलेला आहे. अंटार्क्टिकावर सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर एवढ्या विस्तारावर बर्फ साचलेला आहे. तो सगळा वितळला तर जगातील समुद्र सुमारे ५८ मीटर चढेल, ग्रीनलंडवरचा वितळला तर सुमारे ७ मीटर. असे काही आपल्या किंवा आपल्या नातवंडांच्या हयातीत होणार नाही, तेव्हा भिण्याचे कारण नाही. पण जो गाव खाडीच्या काठी वसला आहे त्याला मीटरांची वाट पाहावी लागत नाही. भरतीची रेषा काही सेंटिमीटर वर सरकली तरी त्याचा हिशेब बदलतो.

पावसाचे म्हणाल तर बर्फ आणि मोसमी पाऊस यांचा संबंध शोधण्याचा पहिला मोठा प्रयत्न आपल्याच देशात झाला. भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ साली असे मांडले की, हिमालयावर हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ जास्त पडला, तर पुढचा पाऊस कमी पडण्याकडे कल असतो. याच विचाराच्या आधारे १८८६ पासून पावसाचे अंदाज सरकारी रीतीने देण्यास आरंभ झाला. पुढच्या पिढ्यांच्या लक्षात आले की हा नियम वाटला तितका सरळ नाही. पण बर्फाची नोंद ठेवल्याशिवाय पावसाचे कोडे उलगडणार नाही, ही ब्लॅनफर्ड यांची दृष्टी खोटी ठरली नाही. २०२१ साली गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातील संशोधकांनी उत्तर ध्रुवाजवळच्या कारा समुद्रातील बर्फाकडे लक्ष वेधले. तेथील उन्हाळी बर्फ कमी होणे आणि मध्य भारतात सप्टेंबर महिन्यात अतिवृष्टी होणे, यांत संबंध असावा असे त्यांनी मांडले.

‘असावा’ या शब्दावर आम्ही मुद्दाम जोर देतो, कारण आजच्या व्याख्यानाचा सारा विषय त्या एका शब्दात आहे. शास्त्रात ‘असावा’पासून ‘आहे’ किंवा ‘नाही’ येथवर जायचे तर वाट एकच. मोजलेली माहिती अनेकांच्या हाती गेली पाहिजे आणि अनेकांनी ती स्वतंत्रपणे तपासली पाहिजे. बर्फाची ही माहिती आज मुख्यतः कृत्रिम उपग्रहांकडून येते. ती संशोधकापर्यंत पोचते कशी, कोठे अडते आणि अडू नये म्हणून काय करावे लागते, हे आता पाहू.

उपग्रह बर्फ पाहतो कसा?

ध्रुवप्रदेशात हिवाळ्यात दीर्घकाळ अंधार असतो आणि उजेड असतो तेव्हा पुष्कळदा ढग असतात. साधा कॅमेरा तेथे फारसा उपयोगी पडत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी सूक्ष्मतरंगांचा आश्रय केला. प्रत्येक पदार्थ आपल्या अंगातून फार क्षीण असे सूक्ष्मतरंग बाहेर टाकीत असतो. समुद्रावर गोठलेला बर्फ ते खुल्या पाण्यापेक्षा जास्त टाकतो. उपग्रहावरचे यंत्र ते मोजते आणि कोणत्या चौकटीत बर्फ किती व पाणी किती हे त्यावरून ठरविता येते. या तरंगांना अंधाराची किंवा ढगांची मोठी अडचण होत नाही.

ही चौकट साधारणपणे २५ किलोमीटर लांब व तितकीच रुंद असते. एका चौकटीत भिवंडी, ठाणे आणि कल्याण मावतील असे समजा. त्यातील शेकडा १५ किंवा अधिक भाग बर्फाचा असेल तर ती चौकट बर्फाची धरायची, असा संकेत आहे. १९७८ च्या ऑक्टोबरात सोडलेल्या ‘निंबस-७’ या अमेरिकन उपग्रहापासून ही मोजणी एकापाठोपाठ एका यंत्राने चालत आली आहे. त्यावरून कळते की, उत्तर ध्रुवाकडचा समुद्रावरचा बर्फ सप्टेंबरात सर्वांत कमी होतो तेव्हा १९८० च्या सुमारास तो सत्तर लाख चौरस किलोमीटरांच्या आसपास उरत असे. २०१२ च्या सप्टेंबरात तो सुमारे ३४ लाखांवर आला, म्हणजे आपल्या देशाच्या क्षेत्रफळाहून थोडासाच अधिक. दक्षिणेकडे २०२३ च्या फेब्रुवारीत तो १८ लाखांच्याही किंचित खाली उतरला.

बर्फाचा विस्तार कळला तरी जाडी कळत नाही. त्यासाठी दुसरा उपाय आहे. उपग्रहाने खाली रडारचा ठोका सोडायचा आणि तो परत यायला लागलेल्या वेळावरून पृष्ठभागाची उंची काढायची. सरबताच्या पेल्यातला बर्फाचा खडा पाण्यावर थोडासाच दिसतो. तसेच येथेही, पाण्यावरचा भाग मोजला की खालच्या भागाचा अंदाज बांधता येतो. अडचण एवढीच की, तरंगणाऱ्या बर्फावर भुसभुशीत हिमाची गादी असते आणि तिच्या जाडीने हिशेब चुकतो. येथे आपल्या देशाचा एक उपग्रह कामी आला. फ्रान्सच्या सहकार्याने २०१३ च्या फेब्रुवारीत श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या ‘सरल’ उपग्रहाचे तरंग हिमात फारसे खोल जात नाहीत. युरोपच्या ‘क्रायोसॅट-२’ या उपग्रहाचे तरंग अधिक खोल जातात. दोन्ही उंचींतला फरक घेतला की हिमाच्या गादीची जाडी अजमावता येते. एक उपग्रह भारत-फ्रान्सचा, दुसरा युरोपचा, आणि उत्तर मिळते ते दोघांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर. एकाने आपली वही झाकून ठेवली असती तर दुसऱ्याची वहीही निम्मी मुकी राहिली असती.

माल गोदामात येतो, पण मिळतो का?

आता माहिती आकाशातून जमिनीवर उतरते कशी ते पाहू. पृथ्वीची पाहणी करणारे बहुतेक उपग्रह उत्तर-दक्षिण फिरतात आणि सुमारे शंभर मिनिटांत एक फेरी, म्हणजे दिवसाला सुमारे चौदा फेऱ्या करतात. पृथ्वी खालून फिरत असल्यामुळे हैदराबादजवळच्या शादनगर येथील आपल्या केंद्रावरून त्यांतल्या थोड्याच फेऱ्या जातात. ध्रुवांजवळून मात्र उपग्रह प्रत्येक फेरीत जातो. म्हणून २०१३ साली ‘भारती’ येथे उपग्रहांचे संदेश झेलणारे केंद्र उभारण्यात आले. तेथे उतरलेली माहिती दळणवळणाच्या उपग्रहामार्फत शादनगरला येते. गोव्यात वास्को येथे १९९८ साली स्थापन झालेल्या संशोधन केंद्राकडे ध्रुवीय मोहिमांचे काम आहे आणि मोहिमांत जमलेली माहिती सांभाळणारे राष्ट्रीय ध्रुवीय माहिती केंद्रही तेथेच आहे. आपली पहिली अंटार्क्टिका मोहीमसुद्धा डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातील मुरगाव बंदरातूनच निघाली होती.

माहिती केंद्रात आली म्हणजे काम झाले, असे पुष्कळांना वाटते. भिवंडीच्या माणसाला तसे वाटण्याचे कारण नाही. येथील गोदामांत काम केलेल्या कोणालाही विचारा. माल गोदामात असणे वेगळे आणि हवा तेव्हा, हवा तो, हवा त्याला मिळणे वेगळे. पेटीवर चिठ्ठी नसेल तर आत काय आहे हे कळत नाही. नोंदवहीत जागा लिहिलेली नसेल तर पेटी असून नसल्यासारखी. आणि ग्राहकाकडे टेम्पो असेल व तुमचा माल शंभर ट्रक असेल, तर दार उघडे ठेवूनही त्याला उपयोग नाही.

उपग्रहाच्या माहितीचे नेमके हेच आहे. यंत्र जे पाठविते ते नुसते आकडे असतात. ते कोणत्या यंत्राने, कोणत्या क्षणी, कोणत्या जागेवरून घेतले आणि त्यांत चूक किती संभवते, ही चिठ्ठी प्रत्येक संचाबरोबर हवी. निरनिराळ्या देशांचे नकाशे निरनिराळ्या रीतीने आखलेले असतात. गोल ध्रुव सपाट कागदावर मांडण्याच्या रीतीच अनेक आहेत. दोन नोंदी एकमेकींवर बसवायच्या तर मांडणी एकसारखी हवी, नाही तर संशोधकाचे महिने जुळवाजुळवीतच जातात. शिवाय माहितीचा ढीग आता इतका वाढला आहे की ती सगळी आपल्या यंत्रावर उतरवून घेणे एखाद्या साध्या महाविद्यालयाला शक्य नाही. म्हणून माहिती संशोधकाकडे नेण्याऐवजी, जेथे माहिती आहे तेथेच दुरून हिशेब करण्याची सोय देणे, ही नवी रीत पडत आहे. माल बाहेर काढण्याऐवजी गिऱ्हाइकालाच गोदामात टेबल-खुर्ची द्यावी, तसा हा प्रकार आहे.

दार उघडे ठेवण्याचा प्रश्न

या साऱ्याच्या आधी प्रश्न येतो तो दार उघडे आहे की नाही याचा. याबाबतीत ध्रुवप्रदेशाची परंपरा मोठी उज्ज्वल आहे. जुलै १९५७ ते डिसेंबर १९५८ या काळात आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष पाळले गेले. त्या वेळी राष्ट्राराष्ट्रांत वैर धुमसत असतानाही, मोजलेली माहिती सर्वांना मिळावी म्हणून जागतिक माहिती केंद्रे स्थापन झाली. अमेरिकेतील बोल्डर येथील हिम आणि बर्फाच्या माहितीचे राष्ट्रीय केंद्र, जेथून आज जगभरचे संशोधक आकडे घेतात, त्याचे मूळ त्याच योजनेत आहे. पुढे १ डिसेंबर १९५९ रोजी बारा राष्ट्रांनी अंटार्क्टिका करारावर सह्या केल्या. त्याच्या तिसऱ्या कलमातच म्हटले आहे की, तेथील शास्त्रीय निरीक्षणे व निष्कर्ष यांची देवाणघेवाण व्हावी आणि ते सर्वांना मोकळेपणाने मिळावेत. भारत १९८३ साली या करारात सामील झाला.

तरीही दार आपोआप उघडे राहत नाही. अमेरिकेच्या ‘लँडसॅट’ उपग्रहांच्या एकेका चित्राला पूर्वी शेकडो डॉलर मोजावे लागत. उत्तम वर्षीही विक्री पंचवीस हजार चित्रांच्या आसपासच होई. २००८ साली ही चित्रे विनामूल्य करण्यात आली आणि थोड्याच अवधीत वर्षाला दहा लाखांहून अधिक चित्रे लोक घेऊ लागले. चित्रे तीच होती, मधली किंमत तेवढी गेली. आपल्याकडेही २०२३ च्या भारतीय अंतराळ धोरणाने, पाच मीटर आणि त्याहून स्थूल तपशिलाची आपल्या उपग्रहांची माहिती सर्वांना विनामूल्य व खुली केली. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला ‘निसार’ हा भारत-अमेरिकेचा संयुक्त रडार उपग्रह दर बारा दिवसांनी त्याच जागेवर परत येतो आणि हिमनद्यांची सरक टिपू शकतो. त्याच्याही माहितीचे धोरण खुलेच ठेवण्यात आले आहे.

धागा तुटू नये म्हणून

शेवटी सर्वांत नाजूक गोष्टीकडे येतो. बर्फाची नोंद जितकी लांब तितकी मोलाची, आणि ती लांब राहते ती केवळ सांभाळण्याने. ‘निंबस-१’ नावाच्या उपग्रहाने १९६४ साली काही आठवडे पृथ्वीची छायाचित्रे घेतली. त्यांच्या फिती डब्यांत बंद होऊन पडून राहिल्या. जवळजवळ अर्ध्या शतकानंतर बोल्डरच्या संशोधकांनी ते डबे उघडले, एकेक चित्र नव्याने टिपले, त्याची जागा व वेळ जुळविली आणि सप्टेंबर १९६४ मध्ये अंटार्क्टिकाभोवतीचा बर्फ सुमारे १ कोटी ९७ लाख चौरस किलोमीटर होता असे काढले. डबे कोणी रद्दीत काढले असते तर ती साक्ष कायमची गेली असती.

दुसरी गोष्ट मागाच्या भाषेत सांगता येईल. मागावरचा बीम संपला की नव्या बीमचे धागे जुन्या धाग्यांना एकेक करून जोडतात. जोड चुकला तर दोष पुढच्या कापडात उतरत जातो. उपग्रहांचेही तसेच आहे. जुने यंत्र थकण्यापूर्वी नवे वर गेले पाहिजे आणि काही काळ दोघांनी एकच बर्फ मोजला पाहिजे. २०१४ साली काही संशोधकांनी दक्षिणेकडच्या बर्फाच्या एका प्रसिद्ध नोंदीच्या जुन्या व नव्या आवृत्त्या शेजारी ठेवून पाहिल्या. तेव्हा डिसेंबर १९९१ मध्ये यंत्र बदलले त्या जोडापाशी दोन्हींत फरक दिसला, आणि बर्फ किती वेगाने वाढतो याचे उत्तर त्या फरकाने बदलत होते. हा दोष सापडला, कारण जुनी आवृत्ती कोणी फेकून दिली नव्हती आणि दोन्ही आवृत्त्या बाहेरच्या माणसाला पाहायला मिळत होत्या. खुलेपणा म्हणजे उदारपणाचा देखावा नव्हे. चूक पकडण्याचे ते साधन आहे.

आणि हा धागा माणसाच्या निर्णयाने तुटूही शकतो. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या हवामान-उपग्रहांची सूक्ष्मतरंगी मोजणी बाहेर पुरविणे लवकरच थांबविण्याचे जाहीर केले. दशकानुदशके चालत आलेली बर्फाची नोंद याच उपग्रहांवर विसंबून होती. शास्त्रज्ञांनी चिंता व्यक्त केली, मुदत आधी एका महिन्याने आणि मग २०२६ च्या सप्टेंबरपर्यंत वाढविली गेली. दरम्यान बोल्डरच्या केंद्राला जपानच्या उपग्रहाची मोजणी हाताशी धरावी लागली. यंत्र बिघडले नव्हते, बर्फ जागचा हलला नव्हता, केवळ एका कचेरीतला निर्णय बदलला होता. जपानने आपली माहिती खुली ठेवली होती म्हणूनच दुसरा धागा हाताशी होता. यातून आम्हांस एवढाच बोध घ्यावासा वाटतो की, नोंद एकाच्या कपाटात असू नये. ती अनेक देशांत, अनेक प्रतींत, एकमेकींना पडताळता येईल अशी असावी, आणि त्या कपाटांपैकी एक भक्कम कपाट आपले असावे. आपल्या पावसाचा अभ्यास त्या नोंदीवर अवलंबून आहे, तेव्हा हे दुसऱ्यावर सोपवून चालणार नाही.

आमच्या स्नेह्यांचा प्रश्न होता की भिवंडीकरांनी ही उठाठेव कशाला करायची. त्यांना आम्ही सांगितले ते येथे पुन्हा सांगतो. आज या गावातील महाविद्यालयात शिकणारी एखादी मुलगी, जिच्या घराशेजारी रात्रंदिवस माग चालतात, ती संगणकासमोर बसून अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरचा बर्फ महिन्यामागून महिना पाहू शकते आणि त्याची आपल्या पावसाशी तुलना करू शकते. त्यासाठी तिला जहाजावर चढावे लागत नाही की कोणाच्या पत्राची वाट पाहावी लागत नाही. मात्र तिला शिकविणारा कोणी हवा, माहितीबरोबरची चिठ्ठी तिला कळेल अशा भाषेत हवी आणि महाविद्यालयात जोडणी चालू स्थितीत हवी. दिल्ली, गोवा आणि हैदराबाद येथील मंडळींनी दार उघडले आहे. त्या दारापर्यंत मुलांना नेऊन सोडणे, हे काम मात्र तेथून होणारे नाही, ते गावागावांतच व्हावयाचे आहे. ब्लॅनफर्ड यांच्या ‘असावा’ला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. त्याचे पुरते उत्तर अजून कोणाच्या तरी हातून लिहिले जायचे आहे, आणि तो हात भिवंडीचा असू नये असे कोठेही लिहून ठेवलेले नाही.